महाळुंग्याच्या वर्गातली हजेरी

"काळी असली तरी डोकं आहे हो पोरीला," चौथीतल्या आमच्या बाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या. त्यांनी कौतुकच केलं होतं. आई हसली, म्हणून मीही हसले.

असलं कौतुक चाकणच्या वाटेवर पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. मी निघाले होते मैत्रिणीकडे. वैशाली आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहिलो. मी शिकवणं सोडून भटकायला लागले, ती चाकणजवळच्या महाळुंग्याच्या शाळेत सहावीला शिकवते. "माझ्या वर्गात आसामची एक मुलगी आहे. तू आसाम फिरलीस ना? ये, पोरांना सांग," असा तिचा फोन आला आणि मी पिशवी भरली.

चाकणला फिरायला कोण जातं, असं विचारू नका. नाशिकहून सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धंच तिकीट. नारायणगावला मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे चाकणच्या चौकात कंटेनरांमागे किती वेळ जाईल ते ड्रायव्हरही सांगत नाही. माझा तास गेला. शेजारच्या आजी निवांत शेंगा सोलत होत्या.

"हितं आमचं कांद्याचं वावर व्हतं. आता मोटारी पिकत्यात."

"बरं आहे की मग, आजी."

"बरं हाय, पर चिरून भाजी करता येत न्हाई."

चौकात वैशाली स्कूटर घेऊन उभी होती. "काळे, किती वाळलीस गं!" वीस वर्षं तिची हाक हीच आहे. मुक्काम तिच्या मोशीच्या फ्लॅटवर, जेवायला भरीत-भाकरी.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच निघालो. त्यानंतर कंपन्यांच्या बसगाड्या रस्ता अडवतात. शाळेत वैशालीने हजेरी घेतली. नावं संपत आली तेव्हा तिने हाक दिली, "चायना?"

"हजर," एक मुलगी वहीत बघत म्हणाली.

कुणी हसलंही नाही, इतकं ते सवयीचं होतं.

मी नकाशा लावला, ब्रह्मपुत्रेच्या होडीची गोष्ट सांगितली आणि त्या मुलीला तिचं गाव दाखवायला बोलावलं.

"मावशी, तिचं गाव त्या नकाशात न्हाई, ती चायनाची हाय!" मागून एकजण ओरडला.

"मी न्हाई चायनाची," ती वळून म्हणाली. "माजं नाव जोनाकी हाय. बाई म्हणत्यात म्हणून समदी म्हणत्यात."

वैशाली हसली. "लाडानं म्हणते गं, राणी."

मधल्या सुट्टीत जोनाकी नळापाशी आली. "मावशी, नाशकात मुलींचं होस्टेल हाय का?"

"कशाला गं?"

"पप्पांना सांगणारे, इथनं नाव काढा."

"शाळा आवडत नाही?"

"आवडती. बाई पण आवडत्यात. हाक न्हाई आवडत."

परतताना मी वैशालीला हे सांगितलं. तिने स्कूटर कडेला घेतली.

"लाडानं म्हणते मी! तुला नाही का काळे म्हणत? आला कधी राग?"

"आला होता."

"मग वीस वर्षं मूग गिळून बसलीस?"

"बसले. माझंही चुकलंच. पण मी मोठी होते, वैशाली. ती अकरा वर्षांची आहे."

"बरं, उद्यापासून नावानं बोलवीन."

"आणि वर्गाला कोण सांगणार?"

"पोरांसमोर माफी मागू? वर्ग डोक्यावर बसेल, बाई."

नाशिकला येऊन आठवडा झाला. फोनवर कळलं, वैशाली आता जोनाकीला नावाने बोलावते. मुलं मात्र मधल्या सुट्टीत अजून तेच म्हणतात, आणि जोनाकीने पप्पांकडे शाळा सोडायचा विषय काढला आहे. मी हे लिहिणार म्हटल्यावर नावं बदलून लिही, एवढीच वैशालीची अट होती, ती पाळली आहे. शाळा सुटल्यावर रोज थांबून जोनाकीला मराठी वाचायला शिकवलं ते वैशालीनेच, हेही इथे लिहून ठेवते. वाईट मनाची बाई असती तर मी शब्द वाया घालवला नसता.

वैशाली, सोमवारी हजेरीआधी वर्गाला सांग, ही हाक मी सुरू केली आणि माझं चुकलं. जोनाकीकडे बघून सांग. तू नाहीच म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी तुझ्याकडे एवढं मागते.