बापाचा आकडा
छप्पन साल होतं, मी बावीस वर्षांचा होतो. खजुराचा वास आला की ती सकाळ आठवते, कारण बसऱ्याची खजुराची बोट लागली होती आणि गोदीचा सगळा धक्का त्या गोड, कुबट वासाने भरला होता. आम्हा बदलीवाल्यांची रीत अशी, की पोती ओढायचा आपापला लोखंडी आकडा धक्क्यावर एका ढिगात टाकायचा. मुकादम ज्याचा आकडा उचलेल त्याला काम, बाकीचे उपाशी घरी. माझा आकडा बापाचा, त्याच्याच मुठीने दांड्याचं लाकूड झिजलेलं. बाप गेल्यावर माझ्याकडे तेवढंच राहिलं होतं. मुकादमाने तो उचलला तसा मी हरखून पुढे झालो. मुकादमाने विचारलं, "काल गिरगावात मोर्च्यात तूच बोंबलत होतास ना रे, मुंबई आमची म्हणून?" म्हटलं, "होय, मीच." त्याने आकडा बोटीखालच्या काळ्या पाण्यात भिरकावला. "मुंबई तुझी, तर पाणीपण तुझंच. काढ बुडी मारून!" सगळे हसले. मोर्च्यात माझ्या शेजारून चाललेला गाववालाही हसला आणि कानाशी पुटपुटला, "गप ऱ्हव, नायतर माझो आकडो पण जायत." मी पाण्याकडे बघितलं नाही, घरी आलो. खजूर मी अजून तोंडात घालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे आकडे पडल्यावर मी पुढे गेलो आणि त्या ढिगावर माझा रिकामा हात पालथा ठेवून बसलो. कुणाचाही आकडा उचलायचा तर मुकादमाला आधी माझा हात उचलावा लागणार होता.