बत्तीस दातांची कवटी

मी मूळची पेडण्याची. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या जूनमध्ये डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेले. कोकणी की मराठी या वादावर भाषेचा कायदा झाला होता, मोर्चे थांबले होते, पण माणसं एकमेकांकडे पाहायची ती अजून मोर्चातल्यासारखीच. कोण कुठलं वर्तमानपत्र घेतो, पोराला कुठल्या माध्यमात घालतो, देवळात कुणाशेजारी बसतो, यावरून लोक एकमेकांची बाजू ठरवत. मी दुकानात पाव घ्यायला गेले की बाकावरचं बोलणं थांबायचं. पेडण्याची म्हणजे मराठीवाली, असं काहींनी धरलं होतं. घरी बोलते ती कोकणीच, म्हणजे आतून तिकडची, असं दुसऱ्यांनी.

त्यात नववीच्या वर्गात वर्गीकरणाचा धडा आला. माकडं एका बाजूला, शेपूट नसलेले कपी दुसऱ्या बाजूला: गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, आणि माणूस त्या कपींच्याच फांदीवर. पुस्तकात कपींना 'मानवसदृश वानर' म्हटलं होतं. मुलांच्या डोक्यात वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, कौलांवर उड्या मारणारा. त्याला शेपूट आहे की, मग तो कपी कसा, असं एका मुलीनं विचारलं. मग मी आधी त्यांचेच शब्द फळ्यावर लिहिले. गावातली मुलं काळ्या तोंडाच्याला वांदर म्हणत आणि तांबड्या तोंडाच्याला खेती. दोडामार्गाकडून आलेल्या घरांतली मुलं त्याच तांबड्याला केलडी म्हणत. हे सगळे शेपटीवाले, म्हणून माकडं; आपल्या रानात कपी एकच, तो म्हणजे आपण, असं मी सांगितलं. मुलं हसली आणि धडा त्यांच्या लक्षात राहिला.

दोन दिवसांनी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. मराठीच्या तासाला नव्हे, पण मराठी माध्यमाच्या फळ्यावर मी कोकणी शब्द लिहिते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते चांगले गृहस्थ होते, पण त्या दिवसांत तेही जपून होते. शब्द माकडाचे आहेत, पक्षाचे नाहीत, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि फळा पुसत जा म्हणून सांगितलं. कुणी सांगितलं ते मात्र सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गातल्या एकेका चेहऱ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होते.

मी राहायची ती खोली गावाच्या कडेला होती. पलीकडे चिरेखाण, आणि खाणीच्या तोंडाशी कामगारांच्या चार झोपड्या. ही जमीन आणि वरची काजूची बागायत एकाच माणसाची. त्याला सगळे भाटकार म्हणत. झोपड्यांपैकी एकीत बेळगावकडचं एक जोडपं होतं. नवरा चिरे काढायचा, बायको डोक्यावरून ते ट्रकपर्यंत न्यायची. त्यांची पाचेक वर्षांची मुलगी माझ्या खिडकीखाली खेळायची. धुळीनं तिला खोकला लागला होता. दिवाळीच्या सुमाराला ती दिसेनाशी झाली. मी विचारलं तेव्हा तिची आई म्हणाली, मामाकडं धाडली, इथं खोकून मरायची. पहाटेच्या बसनं गेली असावी, कारण गावात कुणी तिला जाताना पाहिलं नव्हतं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

काजू धरण्याआधी बागायतीतलं रान काढतात. त्या कामाला माणसं लावली असताना झोपड्यांच्या मागच्या उतारावर पाचोळ्यात एक लहान कवटी सापडली. जबडाही तिथंच होता. शाळा सुटायच्या आत बातमी गावभर झाली, आणि शाळा सुटली तेव्हा तिला एक नावही मिळालं होतं: खाणीवरच्या बाईची पोर. कुणी म्हणालं, तिनं पोरीला मारताना ऐकलं होतं. कुणी म्हणालं, नवरा दारू पितो. बेळगावकडं लहान मुलांचं काय काय करतात म्हणे, असंही कुणी बोललं. आदल्या आठवड्यात ह्यांतल्या कुणालाही ती मुलगी आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मी घरी पोचले तेव्हा झोपडीसमोर माणसं जमली होती. बाई दारात बसली होती. नवरा उभा होता, त्याच्या हातावर अजून चिऱ्याची तांबडी धूळ होती. आऊटपोस्टवरचा हवालदार आला होता आणि काय करावं ते त्याला कळत नव्हतं. भाटकारानं कवटी आणि जबडा एका वर्तमानपत्रावर ठेवला होता. मला पाहून बाई एवढंच म्हणाली, "बाई, तुमी सांगा की त्यास्नी. तुमी शिकवताय न्हवं."

हवालदारानंही मला पुढे बोलावलं. मी खाली बसले. कवटी माझ्या दोन तळव्यांत मावत होती. नाकाकडचं हाड फुटलेलं होतं, त्यामुळे तोंड पुढे आलेलं दिसत नव्हतं आणि वरचा गोल भाग खरोखरच लहान मुलाच्या डोक्यासारखा वाटत होता. खोकणारी ती पोर माझ्याही डोळ्यांपुढे आली.

भाटकार माझ्या डोक्यावर उभा होता. तो म्हणाला, "हांवें दांत मेजल्यात, बाई. बत्तीस आसात. माकडाक बत्तीस दांत खंय आसतात?"

दात मोजले ते बरोबर होते. मी स्वतः मोजले, खालचे सोळा, वरचे सोळा. सुळे मोडलेले होते, पण त्यांची मुळं हाडात होती. आणि त्या आकड्यानंच उलगडा झाला. पाच वर्षांच्या मुलाला बत्तीस दात नसतात. दुधाचे वीस असतात. एवढ्याशा डोक्यात बत्तीस दात म्हणजे हे पुरतं वाढलेलं जनावर.

मी तसं सांगितलं. कुणाला पटलं नाही. बत्तीस दात माणसालाच, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मग मी सांगितलं की आपल्याकडच्या माकडांना बत्तीसच असतात, आफ्रिकेतल्यांनाही, कपींनाही आणि आपल्यालाही. दातांचा हिशेब सगळ्यांचा एकच, कारण घराणं एक. अमेरिकेतली माकडं दूरची, त्यांतल्या बहुतेकांना छत्तीस असतात. हे ऐकून मागून कुणीतरी म्हणालं की ह्या बाईंनी शाळेत माकडांची नावं बदलली, आता माणसाचं माकड करतायत. दोघं-तिघं हसले.

मला राग आला, पण रागानं काही होणार नव्हतं. मी हवालदाराला म्हटलं, जीभ तुमच्या मागच्या दाढेवर फिरवा. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं तोंड मिटून जीभ फिरवली. काय लागतं, म्हणून विचारलं. म्हणाला, उंचवटे लागतात, चार-पाच, बोथट. मी कवटी त्याच्या हातात दिली आणि तिच्या दाढेवर बोट फिरवायला सांगितलं. तिथं दोन आडव्या धारा होत्या, शेजारी शेजारी, पानं कातरायला असाव्यात तशा. माकडाच्या दाढेवर त्या असतात. कपीच्या आणि माणसाच्या दाढेवर नसतात, मूल असो की म्हातारा. माकडं आणि कपी वेगळे काढायची ही एक खूण आहे, शेपटीइतकीच पक्की, आणि शेपूट कुजून जाते तशी ती कुजत नाही.

हवालदारानं पुन्हा जीभ फिरवली, पुन्हा बोट फिरवलं. त्याच्या मागच्या माणसांकडे मी पाहिलं, एकेकाचा गाल आतून हलत होता. सगळे आपापली दाढ तपासत होते. एक म्हातारा बाजूला जाऊन थुंकला. त्याच्या तोंडात दाढाच नव्हत्या, पण त्यालाही खात्री करून घ्यायची असावी.

"वांदराची," हवालदार शेवटी म्हणाला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेला. आठवड्याभरात डॉक्टरांकडूनही तेच आलं: वानराची, मादीची असावी.

तिथं हे संपायला हवं होतं. पण दुकानाच्या बाकावर आता दुसरंच सुरू झालं. शाळेतल्या बाईंची खोली खाणीला लागून, खाणीवरची बाई त्यांना पाणी आणून देते, मग ह्या तिच्याच बाजूनं बोलणार. डॉक्टर बाहेरचा. कवटी वांदराची असेल, पण मग पोर कुठं आहे? दाढांवरून मुलगी मामाकडे असल्याचं सिद्ध होत नाही. मी बाईवर विश्वास ठेवला होता, एवढंच.

आणि मीही कुठं स्वच्छ मनानं होते. कवटी हातात असताना एक गोष्ट मी पाहिली होती आणि कुणाला बोलले नव्हते. सगळं हाड जुनं, पिवळट, मातीचा डाग बसलेलं. पण मोडलेल्या सुळ्यांची कड आतून पांढरी स्वच्छ होती. ते नुकतेच मोडले होते. नाकाचं हाडही तसंच. लांब सुळे आणि पुढे आलेलं तोंड असतं तर ती कवटी मुलाची आहे असं कुणी म्हटलं नसतं. रान काढताना कोयता लागला असेल. पण दिवाळीपासून भाटकार त्या झोपड्या उठवायच्या मागे होता, तिथं त्याला नवी कलमं लावायची होती, हे मला माहीत होतं. दात मोजायला सगळ्यांत आधी तोच बसला होता. एकदा वाटेत भेटला तेव्हा मी विचारलं, सुळे कधी मोडले. तो थांबला, मला नीट पाहून घेतलं आणि पेडण्याच्या लोकांना फार प्रश्न पडतात, असं म्हणून पुढे गेला. मला आजही ठाऊक नाही.

बाईनं कुणाशी वाद घातला नाही. एके दिवशी ती कामावर दिसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पळाली, असं लोक म्हणाले. शिगम्याच्या थोडं आधी ती परत आली, आणि तिच्या बोटाला धरून मुलगी होती. खोकला गेलेला, अंगानं भरलेली, डोक्याला तेल, नवा फ्रॉक. आई तिला घेऊन झोपडीकडे गेली नाही. सरळ दुकानासमोर आली, जिथं सगळे बसतात. मी तिथं पाव घ्यायला उभी होते.

भाटकार बाकावर होता. बाईनं मुलीला त्याच्यासमोर उभं केलं, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं.

"मोजा," ती म्हणाली.

मुलगी तोंड उघडून उभीच राहिली, हे काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. पुढचा एक दात हलत होता, तो ती जिभेनं ढकलत होती. दुकानदारानं बरणीतून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. आईनं ती गोळी उचलली, परत फळीवर ठेवली आणि मुलीला घेऊन निघून गेली. माझ्याकडेही तिनं पाहिलं नाही. मला ते लागलं, पण त्या बाकासमोर मीही गिऱ्हाईक म्हणूनच उभी होते, हे तिला दिसलं असणार.

ती वळणावरून दिसेनाशी झाली. मग एकानं हळूच म्हटलं की पोर उंच झालीय बरीच. दुसरा म्हणाला, तीच कशावरून? तिच्या भावाची पोरही असू शकते.

पावसाआधी चिरेखाण बंद झाली तेव्हा ते तिघं गेले. जायच्या सकाळी बाई माझ्या दाराशी आली, माझी कळशी भरून आणून ठेवली आणि मुलीला सांगितलं की ह्या शाळेतल्या बाई, नमस्कार कर. तिनं वाकून नमस्कार केला. मी तिच्या आईला विचारलं, पुढच्या हंगामाला याल ना. ती म्हणाली, खाणी काय, कुठंबी हायत. म्हापशाच्या बाजूला एक बांधकाम निघालंय, तिथं नवऱ्याचा भाऊ आहे, आधी तिकडं बघू. मग ती कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन बसच्या रस्त्याला लागली, आणि नवरा मुलीला खांद्यावर घेऊन तिच्या मागोमाग गेला.