चन्नवीर मिस्त्रींचा शंख

सोलापूरच्या भवानी पेठेत दिवस उजाडायचा तो मागांच्या खडखडाटाने. त्या खडखडाटात राहूनही ज्यांचे कान मऊ राहिले, असे एक गृहस्थ होते चन्नवीर मिस्त्री. मोटारीच्या इंजिनावरचे टोपण उघडण्याआधी ते पायांतल्या वहाणा काढीत, जोडलेले हात कपाळाला लावीत आणि मग कान टेकवून ऐकत. आई तान्ह्या लेकराच्या छातीशी कान नेते ना, तसे. "यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणत, "आपणच घाईत ऐकतो."

आणि अशा माणसाशी एक यंत्र लपंडाव खेळत होते!

त्याचे असे झाले. जोतीराम नावाचा एक तरणाबांड गडी सोलापूर ते तुळजापूर भाड्याची मोटार चालवी. मोटार जुनी, अमेरिकन घडणीची, पलंगाएवढी रुंद. आत इंजिन मात्र डिझेलचे बसवलेले. सपाटीवर ती हत्तिणीसारखी डुलत जाई, पण घाट आला की उतारूंना खाली उतरून ढकलावी लागे. देवीच्या दर्शनाला निघालेली माणसे आधी मोटारीची सेवा करीत आणि घामाघूम होऊन गाभाऱ्यात शिरत.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात मिस्त्रींना मोडीच्या बाजारात एक वस्तू सापडली. माती उपसणाऱ्या कुठल्याशा परदेशी यंत्रातून निघालेला टर्बो. दिसायला हुबेहूब शंख, तसाच वळणदार. त्याची करणी मोठी गोड. इंजिन जो धूर वाया म्हणून टाकून देते, त्या धुराच्याच जोरावर शंखातला पंखा फिरतो आणि बाहेरची हवा आत दाबून भरतो. जास्त हवा, जास्त ताकद. टाकाऊतून प्राण! मिस्त्रींचे डोळे भरून आले. दोन महिने खपून, नळ्या वाकवून, जोड घडवून त्यांनी तो शंख जोतीरामच्या मोटारीला बसवला. पहिल्याच दिवशी मोटार शीळ घालीत घाट चढली आणि पेठेत नवल झाले.

पण चैत्र सरला, वैशाख तापला आणि शंख मुका होऊ लागला. तोही रोज नाही, मनाला येईल तेव्हा. ऐन चढावर शीळ घोगरी व्हायची, मागून काळ्या धुराचे लोट निघायचे आणि मोटार मटकन बसायची. उतरून टोपण उघडावे, तर सारे जागच्या जागी, शहाण्या मुलासारखे.

"मिस्त्री, तुमचा शंख परत मुका झाला की!" जोतीराम दारातूनच ओरडे. "उतारू म्हनत्यात, मिस्त्रीनं शंख बसवलाय का मिस्त्रीच शंख हाय?"

मिस्त्री हसून सोसत आणि पुन्हा कामाला लागत. शंखापासून इंजिनापर्यंतची नळी त्यांनी सायकलच्या पंपाने फुगवून पाहिली. रिठ्याचा फेस जोडाजोडाला फासून बुडबुडा शोधला. एक बुडबुडा निघेल तर शपथ! पहाटेच्या गारव्यात मोटार स्वतः घाटात नेऊन आणली, तर ती शीळ घालीत गेली आणि शीळ घालीत आली. दुपारी जोतीरामने नेली, की पुन्हा मुकी.

शेवटी जोतीरामचा धीर सुटला. "मिस्त्री, लई झालं. येत्या मंगळवारी भर दुपारी ज्वारीची चार पोती घालून तुमच्यासकट घाट चढायचा. चढला तर चढला. न्हाय चढला, तर तुळजापुरातच शंख काढून मोडीत घालायचा. मंजूर?"

"मंजूर," मिस्त्री म्हणाले. पण जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे मोडलेले सांधले होते. स्वतःच्या डोक्यातून उतरलेली अशी ही एकच वस्तू.

सोमवारी संध्याकाळी ते नेमाप्रमाणे भजनाला गेले. तिथले तात्याबा बुवा वयाने ऐंशीचे, आवाजाने पंचविशीचे, जिभेने तिखट. त्या दिवशी पद वरच्या सुरात गेले आणि मिस्त्रींचा आवाज मधेच चिरकून बंद पडला.

बुवांनी टाळ थांबवले. "चन्नवीरा, लेका, काय झालं?"

"दम सुटतोय, बुवा. कुठून निसटतो कळत नाही."

"निसटत काही न्हाय! तू आत घेतोसच कुठं? छाती आवळून बसलाईस. सगळं ध्यान सोडण्यावर. अरे, घेताना गळा चेपला तर सोडायला उरंल काय, कपाळ?"

मिस्त्रींनी हातातले टाळ खाली ठेवले. मग त्यांनी बुवांचे पाय असे घट्ट धरले, की बुवांना वाटले शिष्याला वैराग्य आले.

शंखातून हवा जाते ती नळी त्यांनी शंभरदा तपासली होती. शंखात हवा येते ती नळी एकदाही नाही! तिच्यात कसला जोर, कसला दाब? आभाळाची फुकटची हवा गाळणीतून शंखापर्यंत आणायची, एवढेच तिचे काम; म्हणून तर त्यांनी ती लॉरीच्या जुन्या ट्यूबची, मऊ रबराची केली होती.

मंगळवारी मिस्त्रींनी मोटारीचे टोपणच काढून ठेवले आणि स्वतः पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर बसले. पडू नयेत म्हणून सुंदरम्माने, म्हणजे त्यांच्या कारभारणीने, त्यांना सोलापुरी चादरीने खिडकीच्या खांबाशी बांधले आणि देवीची ओटी घेऊन आपण मागे पोत्यांवर बसली.

"अहो, वरातीचा घोडासुद्धा इतका सजत नाही," ती म्हणाली.

"घोडा कुठला, वहिनी," जोतीराम म्हणाला. "खांबाला चादरीनं बांधलेली ही तर गुढी."

घाट लागला. ऊन मी म्हणत होते. शीळ उठली, चढली, आणि तिसऱ्या वळणावर घोगरी झाली. मिस्त्री वाकले. आणि त्यांना दिसले! इंजिनाच्या धगीने मऊ पडलेली ती नळी शंखाच्या ओढीसरशी आत आत गेली आणि उपाशी पोटासारखी चपटी झाली. मोटार थांबली मात्र, नळी पुन्हा गोल.

"सापडला!" मिस्त्री चादरीतूनच ओरडले.

जोतीरामने येऊन नळी दाबून पाहिली. "ही तर धडधाकट हाय की."

"तुम्ही थांबलात की ती धडधाकटच असणार. पोलीस आला की चोर घोरत असतो, तसं! पहाटे गारव्यात ती कडक असते, म्हणून पहाटे शंख बोलतो. हिला आतून बरगड्या हव्यात, जोतीराम. कडी हवीत, गोल, घट्ट."

"ह्या घाटात कडी कुटनं आनू?"

मिस्त्रींची नजर हळूच सुंदरम्माच्या हातांकडे वळली. हिरव्या काचेच्या चुड्यापुढे चांदीच्या चार बांगड्या होत्या.

"माझ्याकडे काय बघताय? माहेरच्या आहेत!"

"परत देतो."

"माझ्या वडिलांचं घड्याळसुद्धा उघडून परत देणार होतात. बावीस वर्षं झाली."

मिस्त्री नुसते शंखाकडे पाहत राहिले. सुंदरम्माने तो चेहरा पाहिला, बावीस वर्षांत पाहिला नव्हता असा. तिने काचेचा चुडा मागे सारला आणि चारही बांगड्या उतरवून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. बांगड्या आत सरकेनात, तेव्हा देवीच्या दिव्यासाठी आणलेल्या तेलाचे बोटही तिनेच पुढे केले. "घाट चढलो नाही, तर दिवा लावणार कुठे?" असे स्वतःशीच पुटपुटली. एकेक बांगडी नळीत बसवून मिस्त्रींनी तिच्या दोन्ही बाजूंना बाहेरून सुतळी आवळली.

मोटार पुन्हा निघाली. चौथे वळण. पाचवे. ऊन तेच, पोती तीच. नळी थरथरली, पण वाकली नाही. शीळ वर चढली, स्वच्छ, अखंड, आणि पत्र्यावर बांधलेले मिस्त्री तिच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागले. त्यांचाही दम कुठे तुटला नाही.

तुळजापुरात जोतीरामने मोटारीपुढे नारळ फोडला. मोडीचे नावही काढले नाही.

सुंदरम्माने हात पुढे केला. "आता आणा. नुसत्या काचेवर देवीपुढे जाणार नाही मी."

"पण उतरताना..." मिस्त्री चाचरले.

"उताराला शंख कशाला लागतोय?" जोतीराम म्हणाला. "उद्या मागाची एखादी स्प्रिंग घाला आत."

तीन बांगड्या निघाल्या, तेलाने आणि रबराने काळ्याभोर. चौथी काही केल्या हलेना. मिस्त्रींनी ओढली, जोतीरामने ओढली. सुंदरम्माने दोघांना थांबवले.

"राहू दे ती," ती म्हणाली. "मोटारीलाही एक असू दे."

"म्हंजे वहिनी," जोतीराम कपाळाला हात लावून म्हणाला, "आता शंख काढायचा म्हटलं तर तुमची परवानगी लागनार की!"

"लागेल," पदर सावरून पायऱ्यांकडे वळत सुंदरम्मा म्हणाली, "आणि मी देणार नाही."