हारासाठी सोडलेली जागा

रविवारी सकाळी आम्ही दोघं तापीवरच्या राजघाटावर फोटो काढायला जातो, मी आणि माझा मित्र. तो शाळेत गणित शिकवतो, मी सरकारी ऑफिसात आहे. पन्नाशी जवळ आल्यावर दोघांनाही कॅमेऱ्याचं वेड लागलं. आधी मला लागलं, मग माझं बघून त्याला. हे मी लोकांनी न विचारताही सांगतो, आणि सांगून झाल्यावर मला माझीच लाज वाटते.

भर उन्हात नदीचं पाणी धुक्यासारखं दिसायला हवं असेल तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा उजेड अडवायला लेन्ससमोर गडद काच लागते. मी वेल्डिंगवाल्यांच्या मुखवट्यातली काळी काच आणली आणि रबरबँडनं लेन्सवर बांधली. सगळे फोटो हिरवेगार आले. तो हिरवा रंग घालवण्यासाठी मी कितीतरी रविवार घालवले आणि शेवटी फोटो कृष्णधवल करून टाकला. तापीचं पाणी साईसारखं, मधोमध पात्रातला दगडी हत्ती, आजूबाजूला एकही माणूस नाही. एक माणूस आंघोळीला उतरला होता, पण तो निघून जाईपर्यंत मी थांबलो होतो.

मग मी तीच काच मित्राला दिली. त्याचं शटर उघडं असताना तो माणूस परत आला, हत्तीवर बसून त्यानं अंग पुसलं आणि गेला. मी म्हणालो, "बिघडला तुझा. परत काढ."

"राहू दे ना यार. बघू काय येतं."

आला तो असा, की हत्तीच्या पाठीवर धुरातून घडवल्यासारखं कुणीतरी बसलंय आणि सगळी नदी हिरवी. त्यानं रंगही बदलला नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर त्याच्याच फोटोची चर्चा. माझ्या फोटोला नुसते अंगठे आले. काच माझी, रबरबँड माझे, जागासुद्धा मी दाखवलेली. मी लिहिलं, "वा! अप्रतिम!" आणि फोन पालथा ठेवला.

असं दर वेळी होई. शाहपूरच्या केळीच्या बागेत पानांमागून येणारं ऊन मी तासभर मोजत बसायचो आणि तो येता येता सहज काहीतरी टिपून घ्यायचा. आमच्या दोस्तीला चाळीस वर्षं झाली असतील, पण त्याचा कॅमेरा खाली पडावा असं मला कितीदा तरी वाटून गेलंय. पडला असता तर दुरुस्तीला मीच घेऊन गेलो असतो, हेही खरं.

मग आईच्या फोटोचं निघालं.

खकनारची मावशी वारली. आई तेराव्याला जाऊन आली ती तणतणतच. मावशीचा एकही धड फोटो घरात नव्हता, म्हणून मुलांनी आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावला होता.

"चोरी करताना धरल्यासारखी दिसत होती रे माझी बहीण. मला तसं लटकायचं नाही. एवढा कॅमेरा घेऊन फिरतोस ना, भाऊ? माझा एक चांगला काढून ठेव. आत्ताच." आई मला भाऊ म्हणते.

आई असं बोलली म्हणून वाईट वाटायला हवं होतं. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की या फोटोत तरी तो मध्ये येणार नाही. आई माझी, घर माझं.

मी तयारीला लागलो. पुढच्या खोलीच्या खिडकीजवळ खुर्ची, मागं साधी चादर, आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता. नातेवाइकांकडच्या तसबिरींत हार हनुवटीवर येतो आणि चेहरा अर्धा झाकतो, हे मी पाहिलेलं. म्हणून मी कॅमेरा मागं घेतला, डोक्यावर आणि दोन्ही खांद्यांपाशी मोकळी जागा सोडली. मनातल्या मनात झेंडूचा हार घालून पाहिला. बरोबर बसत होता.

आई नवी साडी नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली.

"आई, जरा सैल बस."

"सैलच बसलेय."

"हस थोडं."

"कशाला? कोण काय बोललं?"

बरेच फोटो झाले. सगळ्यांत उजेड सुरेख, डोळे स्वच्छ, एकेक केस मोजता येईल. आई मात्र रेशनच्या रांगेतली.

तेवढ्यात मित्र आला. चहा पिऊन झाला तरी जाईना. आई कंटाळून मागच्या दाराशी मेथी निवडायला बसली, तर हा कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उकिडवा. मला म्हणाला, "अबे, तो थर्माकोल धर ना जरा इकडून." मी धरला. काय म्हणून नाही म्हणणार?

"काकू, मला पण थोडी निवडू द्या."

"तू राहू दे. दगड-माती सगळं भाजीत घालशील. आणि हे पोट बघ रे तुझं! केळीला घड लागल्यासारखं पुढं आलंय. बायको काही बोलत नाही?"

"बोलते ना काकू. ती म्हणते, टेका द्यायला बांबू लावते."

आई हसली. मेथीची काडी धरलेला हात तोंडाकडे निघाला, पण पोचायच्या आत हसू बाहेर पडलं. पडलेला दात, सुटलेली बट, सगळं. त्यानं एकदाच बटण दाबलं. मी थर्माकोल धरून उभा होतो आणि तो आवाज ऐकल्यावरच मला कळलं, की हाही फोटो गेला.

आठवड्यानं दोन्ही फोटो छापून आले. मित्र बसलेला होता, माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात. आईनं चष्मा लावून माझा फोटो लांब धरला, जवळ धरला.

"चांगला आहे. पण यात मी आधीच गेलेली दिसते रे."

मग दुसरा घेतला आणि बघतच राहिली. "हा लावा."

आणि मी म्हणालो, "त्यात हार बसणार नाही, आई. तोंडावर येईल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मित्र कपातला संपलेला चहा पिऊ लागला. मला शब्द परत घ्यायचे होते, पण मी अजून फोटोकडे बोट दाखवून उभा होतो.

आई म्हणाली, "मग नका घालू. तसंही मला झेंडूच्या वासानं शिंका येतात."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या खिडकीपाशी मी आईला कसं पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. घाटावर त्या माणसाची जशी जायची वाट पाहिली, तसंच. आणि तरीही त्या संध्याकाळी मी मित्राचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून चुका शोधत बसलो. फोकस डोळ्यांवर नव्हता, कानातल्या कुडीवर होता. मला आनंद झाला. खरंच झाला.

आईनं तसबीर लगेच लावायला सांगितली. "मी गेल्यावर मला थोडीच दिसणार आहे?" खिळा मीच ठोकला, कॅलेंडरच्या शेजारी. आता ती रोज टीव्हीसमोरच्या तिच्या जागेवरून स्वतःकडे बघून घेते.

गेल्या महिन्यात शाहपूरची मामी आली होती. मित्रही होता. मामी तसबिरीपुढे उभी राहून म्हणाली, "अगं बाई, जशीच्या तशी! कुणी काढला?"

आई हनुवटीनं माझ्याकडे दाखवत म्हणाली, "यानं. दुसरं कोण काढणार?"

आई विसरलेली नव्हती. मी खिळा ठोकताना तिनं माझं तोंड पाहिलं होतं.

मी मित्राकडे पाहिलं. तो आरामात पोहे खात होता. "हो ना मामी, यानंच काढला. मी नुसता थर्माकोल धरला होता."

हे त्याला इतकं सहज जमलं, की त्या हिरव्या नदीच्या वेळीही झाली नव्हती एवढी माझी जळजळ झाली. मामी माझं कौतुक करत होती. "हात चांगला आहे हं तुझा." मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. फोटो माझा झाला असता, आणि तो कधीच काही बोलला नसता.

"नाही मामी," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "फोटो यानं काढला. थर्माकोल मी धरला होता."

मामीला यात एवढं जोरात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. आईनं मित्राच्या बशीत आणखी पोहे वाढले. मग माझ्याही.