दोराचं वरचं टोक

एक्याण्णव सालच्या त्या अपघातापासून किसनच्या पायाला भिंगरी लागली होती. अंबरनाथ स्टेशनाबाहेरचा चहावाला "या तारणहार!" म्हणून ओरडला, की हा अर्धा चहा तसाच ठेवून चालू पडायचा. लोक म्हणत, काय हा साधेपणा! साधेपणा कसला डोंबलाचा? तो शब्द त्याला आतून कुरतडत होता.

झालं होतं असं. आनंदनगरच्या कारखान्यात रसायनाची टाकी धुताना दोन कामगार गॅसनं आतच कोसळले. खरवईचा भगवंत तोंडाला ओला रुमाल बांधून खाली उतरला. ओल्या रुमालानं गॅस अडतो, असा तिथं सगळ्यांचाच पक्का समज. त्यानं एकेकाच्या कमरेला दोर बांधला, खालून झटका दिला, आणि वर उभ्या किसननं ओढलं. दोघंही बेशुद्ध, पण जिवंत. मग दोर पुन्हा खाली सोडला, तर झटका येईना. किसननं घाबरून ओढला. दोर रिकामाच वर आला.

माणसं धावत आली तेव्हा त्यांना दिसला दोर धरलेला किसन आणि त्याच्या पायाशी श्वास घेणारे दोघं. साहेब म्हणाले, भगवंत हलगर्जीपणानं आत गेला नि जिवाला मुकला, या गड्यानं निदान दोघांना तरी वाचवलं. वस्तीनं लगेच शाल घातली. किसनच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

त्याच्या आईला, रखमाला, 'तारणहार' हा शब्द असा उधळलेला आवडला नव्हता. उल्हास नदीच्या पुरातून माणसं काढणारे तिनं पाहिले होते. "तारणारा पाण्यात उतरतो, बाबा," ती एकदा ताट वाढताना म्हणाली. "तू उतरला होतास का?"

किसन भरल्या ताटावरून उठला. खरवईला जायला तो आजवर कितीदा तरी निघाला होता आणि अर्ध्या वाटेवरून परतला होता. त्या दिवशी मात्र रिक्षातून उतरला तो थेट भगवंतच्या दारात. भगवंतची बायको वेणू तांदूळ पाखडत होती. बस म्हणाली तरी हा बसला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला.

वेणूनं सूप खाली ठेवलं. रडली नाही, भडकली.

"माज्या घरवाल्याला सगली बेफिकीर बोलतात. सासू पन बोलली. नि तुला ठाव होता?"

"होतं, वहिनी."

"मंग माज्याकडं कशाला बोलतंस? चल."

तिनं त्याला तसंच रिक्षात घातलं आणि अंबरनाथला आणलं.

"या तारणहार!" चहावाल्यानं ग्लास पुढे केला. बाकावरची चार माणसं सरकून बसली. किसनला वाटलं, पळत सुटावं. पण शेजारी वेणू पदर खोचून उभी होती.

"तो मी नाय," तो पुटपुटला. "तारणहार हिचा नवरा. भगवंत."

"मोट्यान बोल," वेणू म्हणाली.