मडक्यातली गांडुळं

आम्ही तेव्हा रत्नागिरीच्या खाडीकाठी राहत होतो. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. गलबताच्या डोलकाठीवरून पडून ह्यांचा पाय मोडला नि नोकरी सुटली. पुढे काठी घेऊन चालू लागले, पण घरातल्या घरात. मी म्हणायची, "खाडीकाठच्या खडपावर, खडकावर बसून माशांना गरी तरी टाका." तर ह्यांचं एकच, "आमिष कुठाय? उन्हाळ्यात गांडूळ मिळत नाही." नि भिंतीकडे तोंड! पाण्यावर वाढलेला माणूस पाण्याकडे पाठ करून पडतो, हे मला बघवेना.

होळी झाली, कातळ तापला, नि मी हट्टाला पेटले. गांडुळंच पाळायची! केळीच्या बुंध्याशी खणून सात-आठ मिळवली, मडक्यात सोडली. माडाच्या मुळाशी आम्ही मीठ घालतो, माड फोफावतो. म्हटलं, यांनाही मानवेल. मूठभर घातलं. सकाळी सगळी मेलेली.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, ते काय बांगडे आहेत खारवायला?"

दुसऱ्या खेपेला म्हशीचं ताजं शेण भरलं. ते आतून इतकं तापलं की हात घालवेना. आगीतून फुफाट्यात घातली मी त्यांना. रडलेच त्या दिवशी.

मग पुन्हा नवी खणून आणली, मडकं न्हाणीमागच्या सावलीत नेलं. जुनं शेण, कुजका पाला, रोज पाण्याचा शिपका. पण मला धीर कुठला? दिवसातून चारदा माती उकरायची. सासूबाई ओरडायच्या, "उकरून पोरं होतात काय गो?" शेवटी हात आवरला. काही दिवसांनी मोहरीहून जरा मोठी, पिवळट अंडी दिसली, मग दोऱ्यासारखी पिल्लं. पाला संपला की रोडकी राहायची, घातला की भरायची.

वैशाखात करवंटीभर वळवळती गांडुळं ह्यांच्यापुढे ठेवली. "हं, घ्या आमिष!"

हे मान खाली घालून म्हणाले, "आमिषाचं नव्हतं गो. खाडीकडे जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या उतरताना पडेन, लोक हसतील, म्हणून."

अस्सा संताप आला! दोन महिने मी बिचाऱ्या गांडुळांना शिव्या घालत होते.

"उठा," म्हटलं. गरी मी घेतली, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. भरदिवसा नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर! अख्खी वाडी दारात आली.

"हसू देत मेले," मी मोठ्यानं म्हटलं, नि पहिली पायरी उतरले.