लहान गिटार आणि बायकोचा आवाज

कारखान्यात ड्रम उतरवताना माझा उजवा खांदा निखळला. तो बसवला, महिनाभर हात गळ्यात बांधला, पण बांधणी सुटली तेव्हा खांदा पार आखडला होता. घरी आल्याआल्या कपाटावरची गिटार काढली. कॉलेजपासूनची, मोठ्या पोटाची. तिच्या पोटावरून हात तारांपर्यंत न्यायचा तर कोपर चांगलं वर उचलावं लागतं. मी उचललं आणि डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं गिटार माझ्या हातातून काढून घेतली.

दोन आठवड्यांनी ती विकायला पालघरला गेलो. तिथे एक काका वाद्यं दुरुस्त करतात. जन्मभर फिटरचं काम केलेले, बोटं जाडजूड, पण हात हलका.

"चांगली आहे की. विकताय कशाला?" त्यांनी विचारलं.

मी खांदा दाखवला. ते आत गेले आणि एक गिटार घेऊन आले. कमरेला बारीक, खोक्याची जाडीही बेताची. ती छातीशी धरली तर कोपर जवळजवळ बरगडीलाच टेकून राहिलं. दुखलं नाही.

"पण ही तर लहान मुलांची," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं? पूर्वी गिटार एवढीच असायची. दिवाणखान्यात, चार माणसांत वाजवायची. बायका वाजवायच्या, गायच्या. पुढे बाकीच्या वाद्यांच्या गलक्यात तिचा आवाज बुडायला लागला, तेव्हा तिचं पोट वाढवत नेलं. तुम्हाला कोणाच्या वर आवाज काढायचाय?"

मोठी त्यांच्याकडे ठेवली आणि लहान घेऊन घरी बोईसरला आलो.

आमच्या चाळीत भिंतीपलीकडे शिफ्ट करून आलेला कोणी ना कोणी दिवसाही झोपलेला असतो. मोठी गिटार काढली की भिंतीवर थाप पडायची. रविवारी दुपारी मी ही वाजवायला बसलो. थाप पडली नाही. आवाज खोलीपुरताच, पण एकेक तार वेगळी ऐकू येत होती. बायको मोरीजवळ बोंबील साफ करत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की गिटारीबरोबर आणखी एक सूर चाललाय. मी थांबलो.

"थांबलात का?" ती म्हणाली.

"तू गात होतीस."

"मी नेहमीच गाते. तुमची ती मोठी वाजायची तवा माजाच आवाज मला ऐकू यायचा नाय."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. ती गात होती ते मुरबे गावचं, तिच्या माहेरचं हळदीचं गाणं. "परत म्हण," म्हणालो. तिनं हात धुतले, समोर येऊन बसली आणि पहिल्यापासून म्हटलं. त्या चालीला माझे कॉर्ड जुळेनात. खूप खटपट केल्यावर कळलं, दोनच पुरतात.

पुढच्या महिन्यात तिच्या भाचीची हळद होती. बायको म्हणाली, "घेऊन चला गिटार." मुरब्याच्या अंगणात भाड्याचे स्पीकर दणदणत होते. गिटार पाहून तिच्या मावशीनं विचारलं, "ही कशाला आणली?" बायको लाजली. मीच सांगितलं, "ती गाणार आहे."

मावशी उठली आणि स्पीकरवाल्याला म्हणाली, "बंद कर रे ते. आमची पोर गाणार हाय."

सुरुवातीला बायको अगदी हळू गात होती. बायका ऐकू येईना म्हणून जवळ सरकल्या, अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. दुसऱ्या कडव्यात ती चुकली तेव्हा मावशीनंच पुढची ओळ उचलली, मग बाकीच्यांनी. मी नुसते दोन कॉर्ड धरून होतो. हळद लावून घेणारी भाची आमच्याकडे बघत हसत होती.

निघताना मावशीनं बायकोचा हात धरला. "मला आजून लय गाणी येतात. माज्यासंगं जातील ना ती. रविवारी ये, वही घेऊन ये." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जावई, तुमी पन या. पन हलूच वाजवा."

आता महिन्यातले दोन रविवार आम्ही मुरब्याला असतो. वहीत नऊ गाणी झालीत. माझा हात अजून डोक्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, जाईल.